मला फळीच पाहिजे होती

पोलादपूर स्टँडच्या भोंग्यावर आपण सगळे 'प्रवासी' असतो. स्टँडच्या बाहेर त्या शब्दाला कुत्रं विचारत नाय. तिथं आमच्या कुडपण गावाच्या जीपचे ड्रायव्हरकाका माणूस बघून शब्द काढतात, आणि शब्द निघाला की जागा ठरली! मोठ्या सॅकवाले ते 'ट्रेकिंगवाले', त्यांच्या सॅक टपावर, ते मधे कोंबलेले. लग्नाकार्याला आलेले 'पाव्हणं', त्यांना खिडकी. 'मुंबईकर' पुढं, काकांच्या शेजारी. आणि गावातली पोरं? त्यांना शब्दच नाय. "ए, लटक!" एवढंच. मागच्या फळीवर पाय, टपाच्या दांड्याला हात. शाळेत होतो तेव्हापासून ती माझी जागा. तिथून मी सगळ्यांच्या नकला करायचो आणि अख्खी जीप खिदळायची.

नोकरीसाठी मुंबईला गेलो, त्यानंतर पहिल्यांदाच घरी येत होतो. दासगाव गेलं, महाड गेलं, पाय नुसते वळवळत होते. कधी एकदा फळीवर चढतोय!

पोलादपूरला उतरून जीपपाशी गेलो, तर काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. चाकाची बॅग, नवे बूट, गॉगल.

"या मुंबईकर, पुढं बसा."

बसा! मला!

"काका, मी मागं लटकतो."

"नको ओ. घाटात पडलात तर जबाबदारी कोनाची?"

मागं लटकलेली पोरं दात काढत होती. आतली एक मावशी म्हणाली, "बस की रे बाबा, एवढा मान देतायत."

मान कोणाला पाहिजे होता? मला फळी पाहिजे होती!

मग गॉगल काढला, बॅगेतला टॉवेल काकांसारखा खांद्यावर टाकला आणि सुरू झालो, थेट काकांच्याच आवाजात, नाकातून, "सरका रे, सरका! आजून एक शीट बसतंय! मामा, पोट आत घ्या, जीप माझी हाय, पोट तुमचं हाय! ओ ट्रेकिंगवाले, डोंगर पळून जात नाय, हला जरा!"

मावशीला हसून हसून ठसका लागला. काका कमरेवर हात ठेवून बघतच राहिले.

"आयला, हा तर आपला नकल्या! गॉगल लावून मला फसवतोस काय रे?" त्यांनी माझी बॅग उचलली आणि पुढच्या सीटवर ठेवली. "मुंबईकर बसले. आता तुला काय पत्रिका देऊ? लटक!"

उडी मारूनच चढलो. पहिल्याच वळणावर वारा तोंडात शिरला, नव्या बुटांवर चिखल उडाला, आणि मी काकांच्या आवाजात परत बोंबललो, "सरका रे, सरका!"

पुढनं काका ओरडले, "गप रे! गाडी चालवू दे!"