लोटन नानांनी तिथलला घातलेली भरताची पंगत

पारोळ्याचे निवृत्त हेडमास्तर लोटन नाना म्हणजे भारी दिलदार माणूस. रस्त्याने जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला आणायचे. चाळीस वर्षं त्यांच्या ओट्यावरून कोणी उपाशी गेलं नाही. भाकरी थापणारे हात सुंदरबाईंचे होते, पण एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाने असल्या बारीकसारीक गोष्टींत कुठे लक्ष घालायचं!

सुंदरबाईंनी नवऱ्याकडे जन्मात एकच गोष्ट मागितली, समुद्र दाखवा. नानांनी ती लगेच मंजूर केली आणि बावीस वर्षांनी, एक्क्याण्णवच्या जानेवारीत, दोघं अमळनेरहून सुरतच्या गाडीत बसले. तिथून वलसाड, मग तिथल. मुक्काम दोन दिवसांचा. सोबत कपड्यांची एक पिशवी आणि भरताच्या वांग्यांची एक गोणी, कारण रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं नाही हा नानांचा बाणा. गोणी डोक्यावर घ्यायचा मान सुंदरबाईंचा.

हॉटेल साधंच, सात खोल्या आणि मागे नारळीची झाडं. मालक हसमुखभाई हात जोडून पुढे आले. "अपना घर समजो, मास्तर." हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत, आणि गिऱ्हाइकं हसून किल्ली घेत. नानांनी मात्र खरोखरच घर समजलं. घर आपलं, तर बाकीच्या खोल्यांतली माणसं आपले पाहुणे. पाहुण्यांना भरीत खाऊ घातल्याशिवाय सोडायचं म्हणजे काय?

पहिली संध्याकाळ खोल्याखोल्यांतून आमंत्रणं देण्यात गेली. समुद्र शंभर पावलांवर गाजत होता.

"सकाय देखसूत," नाना बायकोला म्हणाले. "पळी जाई का तो?"

सकाळी मागच्या अंगणात जाळ झाला. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजल्याशिवाय वांग्याला चव येत नाही, हे नानांनी अहमदाबादच्या एका जोडप्याला अर्धा तास समजावलं आणि मग झावळ्यांवरच वांगी भाजली. म्हणजे सुंदरबाईंनी भाजली. हसमुखभाईंची बायको स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "बेन, तुम बैठो, मैं रोटी करती हूं."

"छे छे!" नाना दारातूनच गरजले. "भाकर हिच्याच हातची!"

पंगत बसली. नाना ताटाताटांशी वाकून आग्रह करत होते, "घ्या, लाजू नका!" भाकरी संपली. त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. आत जाऊन पाहिलं तर चूल पेटलेली, तवा रिकामा आणि बाई गायब.

सुंदरबाई ओल्या वाळूत पाय पसरून बसल्या होत्या. लाटा कमरेपर्यंत येत होत्या, लुगडं चिंब झालं होतं.

"भटूनी माय!" लेकाच्या नावाने बायकोला हाक मारत नाना मागून ओरडले. "लोकं ताटवर बठेल शेतस!"

सुंदरबाईंनी मान वळवली नाही. "पीठ मळेल शे. तवा तपेल शे. तुम्ही थापा."

आयुष्यभर ज्याला त्याला बोलावून जेवू घालणाऱ्या त्या माणसाला पहिल्यांदा लाज वाटली, अगदी खरी लाज.

"माले नही येस," ते हळूच म्हणाले.

"तेरा सालनी उमरमा माले बी नही ये," सुंदरबाई म्हणाल्या. "बोटं भाजनात, मंग थापता उनं."

नाना परतले. थोड्या वेळाने मागून "ओ माय!" अशी कळवळून आलेली आरोळी ऐकू आली. सुंदरबाई उठल्या नाहीत. त्या समुद्र पाहत होत्या.