सगळे एकदम आले तो रविवार

खुटबाव स्टेशनवर घरचे मला सोडायला आले होते, पण दादांनी माझी बॅग माझ्या हातात दिली नाही, आप्पांच्या हातात दिली. दादा म्हणजे माझे वडील, आणि आप्पा त्यांचे थोरले भाऊ. कंपनीतल्या नोकरीसाठी ते तरुणपणीच पुण्याला गेले आणि तिथेच राहिले. मूलबाळ नाही. काकू वारल्यापासून हडपसरच्या फ्लॅटमध्ये एकटेच असायचे. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, तीही मुलगी. आप्पा पुण्यात नसते तर मला कुणी पाठवलंच नसतं. गाडी आली तेव्हा दादा मला एवढंच म्हणाले, "आप्पा हाय तिथं. तू एकटी न्हाईस." गाडी हलल्यावर आई खिडकीबरोबर चालत काहीतरी सांगत होती. मला ऐकू आलं नाही. मी नुसती मान हलवली.

हे मी गावाकडच्या माझ्या माणसांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांसाठीही. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

पहिली दोन वर्षं चांगली गेली. आप्पांनी मला बस शिकवली, लिफ्ट शिकवली, दार लगेच उघडायचं नाही हेही शिकवलं. सोसायटीत ते अगदी पुणेरी बोलायचे आणि घरात आल्यावर चपलेबरोबर ती भाषाही काढून ठेवायचे. संध्याकाळी गॅलरीत बसून विचारायचे, "मने, आज काय शिकवलं गं? मला समजंल असं सांग." मी सांगायचे. त्यांना किती समजायचं माहीत नाही, पण त्यांना सांगता सांगता मला समजायचं.

मग एका सकाळी त्यांच्या हातातून कप पडला आणि उजवी बाजू गेली. हॉस्पिटल झालं. घरी न्यायचं तर उचलायला, अंघोळ घालायला दिवसभर माणूस हवा, रोज व्यायाम हवा. मला कॉलेज, दादांना गुरं आणि ऊस. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलेल्या एका केअर सेंटरमध्ये त्यांना ठेवलं. एका बंगल्याचं केलेलं सेंटर. प्रत्येक खोलीत दोन पलंग, भिंतीला धरून चालायला दांडा, दुपारी सगळीकडे एकाच आवाजात लागलेले टीव्ही. तिथले बहुतेक म्हातारे शिकलेले, मुलं परदेशात. रविवारी त्यांच्यासमोर मोबाईल धरला जायचा आणि ते त्याकडे बघून हात हलवायचे. आप्पांना सांभाळणाऱ्या सुनीतामावशी सोलापूरकडच्या. त्या म्हणायच्या, "तुमचे आप्पा लई गुणी. काहीच मागत न्हाईत." मला ते कौतुक वाटायचं नाही. माझे आप्पा चहा गार झाला तर कप परत पाठवणारे होते.

कॉलेज सुटलं की मी तिकडे जायचे. मी आत शिरले की ते माझ्या मागे दाराकडे बघायचे, अजून कुणी आलंय का म्हणून. ते मला बघवेना. मी दादांना फोन केला आणि म्हटलं, "दादा, आप्पांना भेटून जा ना. ते वाट बघतात."

पुढच्या रविवारी फाटकासमोर पिकअप थांबला आणि त्यातून आमचं सगळं घर उतरलं. दादा, आई, चुलते, शेजारचे मामा, आणि राहू गावाहून खास आणलेली आत्या, आप्पांची थोरली बहीण. बायका फाटकापासूनच रडत होत्या. झालं असं होतं की माझा फोन आल्याचं दादांनी आत्याला सांगितलं, आणि आत्याने ठरवून टाकलं की शिकलेली पोरगी आपण होऊन बोलावते म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.

वॉचमन म्हणाला, "एका वेळी दोघंच."

आत्या डोळे पुसायची थांबली. "माणूस आमचा, आन् तू आम्हाला मोजून सोडतो व्हय रं?"

शेवटी सुनीतामावशींनी आप्पांनाच व्हीलचेअरवरून पोर्चमध्ये आणलं. आप्पांची दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्यांना बघून सगळ्यांचं रडणंच अडलं. मामा हळूच म्हणाले, "हा तर माझ्यापेक्षा बरा दिसतोय की." सगळे हसले, आप्पाही अर्ध्या तोंडाने हसले. तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं.

पण आत्याने डबा उघडला. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला माणसं एकेकटी येतात, बसतात, पाण्यापावसाचं बोलतात, चहा घेऊन जातात. सगळं गोत एका दिवशी येतं ते फक्त शेवटच्या भेटीला, आणि तेव्हा जो तो आपल्या हाताने एक घास भरवतो. आत्याने दूधभाकरीचा घास भरवला. मग आईने. मग चुलत्यांनी. त्यांना बहुधा भान नव्हतं, सवयीने हात पुढे होत होते. दादांचा हात पुढे आला आणि आप्पांनी तोंड मिटून घेतलं.

"अक्का," ते आत्याला म्हणाले, "खरं सांग. डॉक्टर काय म्हणला?"

"काय न्हाई रं. सहज आलो."

"सहज? समदे?"

आत्याने डब्याचं झाकण लावलं. पिकअप गेल्यावर पोर्च एकदम मोठा वाटायला लागला.

त्या दिवसापासून आप्पांनी पाय हलवणं सोडलं. व्यायाम करून घेणारे सर यायचे आणि परत जायचे. "आता कशाला?" एवढंच ते म्हणायचे. मी रिपोर्ट दाखवले, डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. ते शांतपणे ऐकायचे, जसं लहान पोराचं खोटं ऐकावं. एक दिवस म्हणाले, "मने, मला खुटबावला नेऊन टाका. इथं नको." सर मला बाजूला घेऊन म्हणाले की पाय असाच पडून राहिला तर पुन्हा उभं राहणं अवघड आहे. म्हणजे माझ्या फोनमुळे आलेली माणसं त्यांना कायमचं अंथरुणात घालून गेली होती.

मी फ्लॅटमध्ये एकटी बसून खूप विचार केला. शेवटच्या भेटीला आलेली माणसं काय करत नाहीत? ती भांडत नाहीत. ज्याचं संपलं त्याच्याशी सगळे गोड बोलतात. मी दादांना पुन्हा फोन केला, अडखळतच. "दादा, एकटे या. डबा आणू नका. आणि आप्पांशी नेहमीसारखं बोला."

दादा म्हणाले, "म्हंजी भांडू व्हय?"

"व्हय," मी म्हटलं.

आठवड्याच्या मधल्याच एका दिवशी दादा शटल रेल्वेने आले, रिकाम्या हाताने. पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "विहिरीवरनं खालच्या वावरात पाइपलाइन चाललीय. बांधाच्या कडंनं. उद्यापासनं खणतोय."

आप्पा छताकडे बघत होते. हळूहळू त्यांची मान वळली. "मला कुणी विचारलं?"

"तुम्हाला तरास नको म्हणून न्हाई विचारलं."

"तरास दे की मला! इथं दुसरं काय काम हाय मला?" आवाज इतका मोठा निघाला की सुनीतामावशी धावत आल्या. "बांधाला खडक हाय तिथं. जेसीबीचे दात मोडतील."

"तुम्ही शेवटचा नांगर कवा धरला, आप्पा? खडक बघितलाय आम्ही."

"काय बघितलाय! तू चड्डीत मुतत होतास तवा ती विहीर खंदलीय मी."

मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर नेलं. आत दोघं बराच वेळ भांडत होते. निघताना दादा नरमले, "मंग गाडी घेऊन येऊ का? घरी चला."

"झोपून न्हाई येणार," आप्पा म्हणाले. "पायानं येतो. खडक दाखवायचाय तुला."

दुसऱ्या दिवशी सरांनी पाय धरला तेव्हा त्यांनी 'आता कशाला' म्हटलं नाही. आता ते वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत येतात. त्यापुढे किती येतील, सांगता येत नाही. दादांचा रोज फोन असतो, आणि पाइपलाइन अजून ठरलेली नाही.

मी मात्र तेव्हापासून स्वतःचे फोन नीट ऐकते. घरी माझ्याशी सगळे किती हळू बोलतात! जेवलीस का, झोप झाली का, अभ्यास कर. गाय व्यायली, भिंत पडली, काही मला विचारत नाहीत, सांगतात तेही सगळं झाल्यावर. गेल्या सुट्टीत गोठ्यातली शेणाची पाटी उचलायला गेले तर आईने ती हातातून काढून घेतली, "राहू दे, कपडे खराब हुतील." पूर्वी तीच मला शेणाला उठवायला ओरडायची.

मागच्या आठवड्यात मी मुद्दाम आईला सांगितलं की मी दिवाळीला येणार नाही, मैत्रिणीकडे जाणार आहे. मैत्रीण वगैरे कुणी नव्हती. तिने चिडावं, जीभ झडेस्तोवर बोलावं, दादांना फोन द्यावा, एवढंच मला हवं होतं. ते ऐकायला मिळालं असतं तर मी अजून घरातलीच आहे असं समजले असते.



"बरं बाई," आई म्हणाली, "तुला कळतं आता."