आजोबांच्या वाटणीची कुल्फी

वडिलांच्या फोटोपुढे ठेवलेल्या वाटीत आंब्याची कुल्फी हळूहळू कलते आहे आणि माझी ओवी तिच्याकडे टक लावून बसली आहे. आज अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशातली आखाजी. पितरांना नैवेद्य दाखवल्याशिवाय आम्ही आंब्याला तोंड लावत नाही. त्यामुळे काल दोन्ही मुलांनी आमरस साच्यांत भरला, पण बोटसुद्धा चाटलं नाही. साखर आईने अंदाजानेच घातली.

"आजोबा, लवकर खा ना, वितळतेय!" ओवी काकुळतीला आली.

"त्यांना गार सोसायचं नाही गं, दात ठणकायचे," आई म्हणाली.

"मग मी खाऊ?" धाकट्या सोहमने विचारलं.

"थांब रे हावऱ्या, त्यांचं जेवण होऊ दे."

वडील होते तेव्हा घरात फ्रीज नव्हता. परीक्षेच्या दिवसांत ते रसाचं पातेलं ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवायचे आणि पहिली वाटी माझ्यापुढे सरकवायचे. घरात पदवी घेणारी मी पहिली. ती पाहायला ते होते, हे माझं भाग्य. आता वर्षातून एकदा पहिली वाटी त्यांची असते.

ताट उचललं तेव्हा वाटीत नुसता रस होता आणि त्यात आडवी पडलेली काडी.

"बिघडली आजोबांची कुल्फी," ओवीचे डोळे भरून आले.

आईने काडी काढून टाकली. "बिघडली कशाने? त्यांना रस असाच आवडायचा," ती म्हणाली, आणि वाटी ओवीपुढे सरकवली.