साहेबांच्या काचपेटीतलं शेवाळ

उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या दातांच्या दवाखान्यात बसलो की समोर ती काचपेटी येते. आत हिरवंगार शेवाळ, त्यातून मिरवणारे मासे आणि पाण्याचा तो ओलसर, किंचित कुजका वास. बाकीचे कौतुकानं बघतात. माझी दाढ आणखी ठणकते. शेवाळाशी माझं वैर जुनं. ज्यांच्यापायी ते जडलं ते आमचे साहेब केव्हाच वारले, वैराची तब्येत मात्र ठणठणीत आहे.

मध्य भारत हे राज्य मोडून नवं राज्य होऊ घातलं होतं. आमची कचेरी भोपाळला निघाली होती आणि उज्जैनला मागे कोण राहणार, हे साहेब ठरवणार होते. मला राहायचं होतं. आई थकली होती, आणि तिनं साफ सांगितलं होतं, "शिप्रेचा काठ सोडून मी कुठं येणार नाही. तुला जायचं तर जा खुशाल." साहेब दरबारी घराण्यातले, दरबार गेला तरी मानेतला ताठा शिल्लक. एकदा म्हणाले, "माशांची पेटी कशी उघडीबोडकी दिसते. रामघाटाच्या पायऱ्यांवर असतं तसं शेवाळ हवं त्यात." झालं! अख्ख्या कचेरीनं फायलींत माना घातल्या आणि मी हात वर केला.

पुढं महिनाभर रोज पहाटे मी गुडघाभर पाण्यात वाकून सुरीनं शेवाळ खरवडत होतो. घाटावरचे पंडे हसायचे, "क्या बाबूजी, सरकार ने तनखा बंद कर दी? अब ये खाओगे?" दोनदा साष्टांग घसरलो. शेवाळ धुऊन दगडावर पसरायचं, बायकोच्या शिवणाच्या दोऱ्यानं बांधायचं, मग ते हळूहळू दगड धरतं. मी बांधत असे आणि साहेब वरून, "अहो, हलक्या हातानं. फाइल नाही ती, दाबून ठेवायला." मी मनात शिव्या घोळवत हसायचो. पण शेवाळानं दगड धरला, आणि त्याची कोवळी पोपटी टोकं बघून, खोटं कशाला बोलू, मलाच भरून आलं.

मग साहेब आठवडाभर भोपाळला गेले आणि पेटी माझ्या हाती आली. नळाचं पाणी गढूळ. घरी आई तांब्याची घागर चिंचेनं लख्ख घासून तीत रात्रभर पाणी ठेवी. सकाळी ते आम्ही औषधासारखं पीत असू. माणसांना गुणकारी, मग माशांना का नाही? रोज एक घागर पेटीत ओतली. साहेब परतले तेव्हा शेवाळ तपकिरी पडलं होतं आणि सहाही मासे उताणे तरंगत होते.

"तांब्याचं पाणी? माशांना?" ते ओरडले नाहीत, हेच वाईट. "चला भोपाळला. तिथं मोठा तलाव आहे. हवं तेवढं शेवाळ वाढवा."

गेलो. आई गेली तेव्हा तार मिळून मी पोचेपर्यंत घाटावर सगळं उरकलं होतं. कित्येक वर्षं मी त्या घागरीला बोल लावला. मग एकदा जुन्या फायली झाडताना बदल्यांच्या यादीची कार्बन प्रत हाती लागली. तारीख मी सुरी घेऊन पहिल्यांदा पाण्यात उतरलो त्याच्याही आधीची. माझं नाव तिसरं. म्हणजे माझ्याकडून दगड बांधून घेताना साहेबांना सगळं ठाऊक होतं.

राज्यं मोडली, जुळली. कचेऱ्या गेल्या, साहेबही गेले. हा राग तेवढा मी जपून ठेवला आहे, आणि तो सोडायची माझी छाती होत नाही. कारण तो गेला तर एवढंच उरेल, की आईजवळ बसायला मला महिनाभराच्या पहाटा मिळाल्या होत्या, आणि त्या मी शेवाळ खरवडण्यात घालवल्या.