मुहूर्तावर उघडलेली फाइल

आमच्या पेरणी यंत्रांच्या कारखान्यात डिझाइनवाले आम्ही तिघं. मी, माझ्याहून जुना एक ड्राफ्ट्समन आणि फुलसावंगीकडच्या तांड्यावरून आलेली एक इंजिनियर पोरगी. दारव्हा रोडवर टिनाचं शेड, त्याच्या कोपऱ्यात काचेची खोली. तिला मालक ‘डिझाइन सेंटर’ म्हणायचे. सेंटर कसलं डोंबलाचं! एकाच ड्रॉइंगच्या फायली होत्या ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल पक्का’ आणि ‘हाच घ्या’. त्यातला ‘हाच घ्या’ कधीच घ्यायचा नसतो, एवढं आम्ही अनुभवानं शिकलो होतो. पेनड्राइव्ह जुन्या ड्राफ्ट्समनच्या शर्टाच्या खिशात. शर्ट धुवायला गेला की सेंटर बंद.

पोरीनं मालकांना क्लाउडचं सुचवलं. सगळी ड्रॉइंगं इंटरनेटवर एकाच जागी. एकानं फाइल कामाला घेतली की तिला त्याच्या नावाचं कुलूप लागतं, त्यानं परत ठेवली की मग दुसऱ्याला मिळते. म्हणजे दोघांना मिळून एकाच ड्रॉइंगची वाट लावता येत नाही. पुण्याची एक कंपनी महिनाभर फुकट वापरायला देणार होती.

"पाहून घेऊ," मालक म्हणाले. "जमलं तं जमलं. नाही जमलं तं ज्यानं हे डोक्यात घातलं त्यानं घरी जावं."

हसत म्हणाले, पण हा माणूस हसत बोललेलंच खरं करतो. आणि घरी जाणं म्हणजे काय, ते पोरीला ठाऊक होतं. नोकरी आहे तोवर लग्नाचा विषय काढणार नाही, असा बापानं तिला शब्द दिला होता. नोकरी गेली की तो शब्दही गेला.

आता, आमच्याकडे नवं ड्रिल मशीन आलं तरी पहिलं भोक मालकाच्याच हातानं पडतं. मग क्लाउड तरी काहून सुटेल? मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर हळदकुंकू (काही बटणं अजून चिकटतात), टेबलाखाली फोडलेला नारळ. गुरुजींनी वेळ काढून दिली होती. मालकांनी माऊस धरला, पोरीनं बोट दाखवलं आणि नव्या टोकण यंत्राची मुख्य फाइल मालकांनी स्वतःच्या नावावर उघडली. टाळ्या झाल्या, पेढे वाटले, फोटो ग्रुपवर गेले. आणि फाइलला कुलूप लागलं ते मालकाच्या नावाचं.

संध्याकाळी ती त्यांच्याकडे गेली. "साहेब, फाइल परत ठेवा न. आम्हाले काम कराचं आहे."

तेवता दिवा फुंकायला सांगितल्यासारखं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मुहूर्तावर उघडलेलं असं बंद करतेत काय? चांगलं नसते ते. राहू दे उघडं."

नंतर तिनं पुन्हा विचारलं, मी सोबत होतो. पुन्हा तेच. दुसऱ्याच्या नावाचं कुलूप काढायचा अधिकार फक्त मुख्य माणसाला, आणि नाव नोंदवताना मुख्य माणूस म्हणून मालकांशिवाय दुसऱ्याचं नाव टाकायची आमच्यात कोणाची टाप होती? बाप्पा, काय ते सेंटर!

महिना सरत आला आणि राळेगावच्या शेतकऱ्यांनी त्याच टोकण यंत्रातली बियाण्याची चकती तुरीसाठी बदलून मागितली. पाव तासाचं काम. पण फाइल कुलपात. मालक म्हणाले, "कसंही करा, पण उद्या चकत्या पाह्यजे." जुन्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि ‘फायनल पक्का’वर बदल केला. चकत्या कापल्या गेल्या, अन् यंत्रावर एकही बसेना. ‘पक्का’तलं माप जुनं, यंत्राचं केव्हाच बदललं होतं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी पुण्याच्या माणसाला पडद्यावर घेतलं. तो टाय लावून बसलेला, "आपला प्रवास कसा वाटला सर?" म्हणून विचारतोय. कसला प्रवास? आम्ही स्टँडवरून हललोही नव्हतो.

"फेल आहे तुमचं क्लाउड," मालक गरजले. "सगळ्या चकत्या भंगारात गेल्या." मग पोरीकडे वळले. "तू उद्यापासून येऊ नको."

तिचा चेहरा उतरला. माझ्या डोक्यात तिडीक गेली, तोंड उघडणार तेवढ्यात पडद्यावरचा माणूस म्हणाला, "सर, ती फाइल पहिल्या दिवसापासून तुमच्याकडेच आहे. तुम्ही परत ठेवलीच नाही."

मालक तिच्यावर ओरडले, "मंग मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं साहेब. तुम्ही म्हणाले, मुहूर्तावर उघडलेलं बंद करत नसते."

"सॉरी, काय करत नसतात?" पुण्याच्या माणसानं विचारलं.

"दोन्ही खेपा सांगितलं तिनं," मी म्हणालो. "दुसऱ्या खेपेला मी तिथंच उभा होतो."

मालकांनी माऊस ओढला. बाण पडद्यावर इकडून तिकडे भटकायला लागला. कारखान्याचा धनी, आणि त्याला स्वतःचंच कुलूप सापडेना.

"कुठं आहे ते परत ठेवाचं? दाखव न पोरी."

तिनं हात मांडीवरून उचलले नाहीत. "मी कशी दाखवू? मी तं उद्यापासून नाही."

पुण्याचा माणूस थांबून पाहत होता. मालकांनी घाम पुसला. "ये उद्या. रोज येत जा."

"अन् काम कोणाच्यानं अडलं होतं, ते या साहेबांले सांगा."

आजवर त्या खोलीत कुठलीच चूक मालकाची झाली नव्हती. त्यांनी मॉनिटरवरच्या हारातलं एक सुकलेलं फूल खुडलं.

"माह्यानं," मालक म्हणाले.

मग तिनं कोपऱ्यातलं बटण दाखवलं. मालकांनी बाण तिथं नेला, बोट उचललं आणि मान वळवून भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिलं.

"तिकडं पाहू नका," ती म्हणाली. "दाबा."