ईरा, धुरी आणि बंद खिडक्या

"ये ब्राँकिओलायटिस है. अ‍ॅडमिट करना पड़ेगा," डॉक्टर म्हणाल्या तेव्हा तीन महिन्यांची ईरा माझ्या मांडीवर होती. साधी सर्दी आहे, औषध घेऊन परत जाऊ, अशा बेताने आम्ही अमिरातीतल्या अल ऐनच्या त्या हॉस्पिटलात आलो होतो.

ब्राँकिओलायटिस म्हणजे फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक श्वासनलिकांना येणारी सूज. बहुतेक वेळा आरएसव्ही नावाच्या विषाणूमुळे येते. मोठ्यांचं नुसतं नाक गळतं, तान्ह्या बाळाचा मात्र जीव मेटाकुटीला येतो. डॉक्टरांनी ईराचं झबलं वर करून दाखवलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. तुमच्या बाळाला सर्दी झाली तर नाकाआधी छाती बघा.

"घर में कोई सिगरेट पीता है? बखूर जलाते हैं?" त्यांनी विचारलं. बखूर म्हणजे इथे घरोघरी जाळतात ते सुगंधी लाकूड.

"बिलकुल नहीं," माझा नवरा मोठ्या अभिमानाने म्हणाला. मीही मान डोलावली.

तेवढ्यात माझ्या सासूबाई पुढे झाल्या. त्या बाळंतपणासाठी साताऱ्याहून आल्या होत्या. "मैं देती है ना धुरी. रोज. नहाने के बाद. सर्दी हुआ तो दो टाइम दिया."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओवा, वावडिंग, बाळंतशेपा. फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी कुठली, म्हणून बखूर जाळायचं विजेचं भांडं आम्हीच त्यांना सूकमधून, म्हणजे इथल्या बाजारातून, आणून दिलं होतं. वर एसी चालू, खिडक्या बंद. पण धुरी म्हणजे धूर, हे आम्हा दोघा इंजिनियरांच्या डोक्यात आलंच नव्हतं. आमच्या लेखी ते औषध होतं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "बीमारी वायरस से हुई है, अम्मा. लेकिन धुआँ सूजन बढ़ाता है. आज से खलास."

ईराला हाय फ्लो ऑक्सिजन लावला, म्हणजे नाकातल्या नळ्यांमधून जोराने सोडलेली गरम, दमट हवा. दूधही नळीनेच. अँटिबायोटिक नाही, कारण ते विषाणूवर चालत नाही. सूज आपोआप उतरेपर्यंत बाळाला तगवायचं, एवढाच उपचार.

मग मी ठरवलं, रडायचं ते घरी गेल्यावर. पंपाने दूध काढत राहिले. नाकात सलाइनचे थेंब टाकून शेंबूड ओढायला नर्सकडून शिकले. दुसऱ्या दिवशी ईरा आणखी खालावली. या आजारात असं होतं, सुधारेल इन्शाल्ला, असं डॉक्टर म्हणाल्या. मी मन घट्ट करून माझं काम करत राहिले. नंतर एकदा नाक साफ करताना ती किंचाळून रडली आणि मला बरं वाटलं, कारण आधी तिच्यात रडायचंही त्राण नव्हतं.

नळ्या निघाल्या, ती अंगावर प्यायला लागली आणि घरी सोडायचा दिवस आला, तेव्हा सासूबाईंनी हळूच विचारलं, "माझ्यामुळे झालं का गं हे सगळं?"

राग आला होता, ते नाकारत नाही. पण तोवर माझ्या मनात एक विचार पक्का झाला होता, आणि तोच त्यांना सांगितला.

"आई, त्या दिवशी तुम्ही गप्प बसला असतात, तर आज घरी नेल्या नेल्या आपण तिला धुरी दिली असती. आजारातून उठली म्हणून जरा जास्तच."