माशांचा लाईट आणि हिंदी बोलणारी लक्ष्मी

बाबांचं प्रमोशन अडलं होतं आणि ते सोडवायचं काम नऊ माशांवर आलं.

माणिकपूरच्या आमच्या फ्लॅटवर एक वास्तूवाले काका यायचे. डोळे मिटून हवेत बोट फिरवायचे, जसं काय भिंतीच्या आतलं त्यांना दिसतं. आमच्या भिंतीच्या आत फक्त लीकेज आहे, ते मात्र त्यांना कधी दिसलं नाही. बोट फिरता फिरता टीव्हीच्या कोपऱ्यावर थांबलं. "ईशान्य! इथे पाणी हवं. आठ सोनेरी मासे, एक काळा. आणि दिवेलागणीला वर निळा प्रकाश."

टीव्ही सरकला, टाकी आली. टाकीवर बाबांनी खर्च केला, पण लाईट स्टेशनजवळून आणला, दुकानातला सगळ्यात स्वस्त. त्याच्या खोक्यावरचा मासासुद्धा घाबरलेला दिसत होता.

पहिल्या संध्याकाळी आईने देवापुढे दिवा लावला आणि बाबांनी माशांपुढे. बटण दाबलं, टाकी निळी झाली आणि दारावरची बेल वाजली.

आता आमची बेल म्हणजे बिनवायरची. बटण दाराबाहेर, आवाजाची डबी हॉलमधल्या एक्स्टेंशन बोर्डात. आधी चिमणी चिवचिवते, मग एक बाई लाडात येऊन बोलते, "कृपया दरवाजा खोलिए." ही बाई मला हुबेहूब जमते. खरं सांगायचं तर माझी जास्त लाडात बोलते.

बाबांनी दार उघडलं. कोणी नाही. ते वळले आणि थेट माझ्याकडे बघितलं.

"मी नाही," मी बोललो.

"घरात चिमणीचा आवाज काढणारा दुसरा प्राणी दाखव मला."

"बाबा, मी चहा पीत होतो!"

"चहा पिता पिता तू आत्याचा आवाज काढलेला आहेस. माझ्यासमोर."

हे खरं होतं, त्यामुळे वाद तिथेच हरलो. दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी पण. वरून टीव्हीचा रिमोटही चालेना. बाबा टीव्हीला टेकून उभे राहायचे, हात लांब करून त्याची बटणं चाचपत, जशी काय त्याची नाडी बघतायत. रिमोटचा ठपकाही माझ्यावर. रिमोटची नक्कल कशी करतात हे मला कोणी सांगितलं तर मी आजच शिकेन.

शेवटी बाबांनी निकाल दिला. "बेलचा चावटपणा थांबत नाही तोवर तुझं स्टेज बंद."

हे लागलं. कारण शनिवारी भुईगावला चर्चच्या सणाचा कार्यक्रम होता आणि त्यात माझं नाव होतं. आमच्या खालच्या मजल्यावरची आंटी मूळची भुईगावची, तिने तिकडच्या पोरांना सांगून ते घालून घेतलेलं. त्याआधी माझी मिमिक्री कुठे झाली? लग्नाच्या पंगतीत, नाहीतर रिक्षा स्टँडवर. खरं स्टेज, खरा माईक पहिल्यांदाच मिळणार होता आणि तो नऊ मासे खाणार होते.

जिन्यात आंटी भेटली. "काय रे, तुमच्याकडे संध्याकाळी वेल्डिंग चालते काय? माझा रेडिओ नुसता खर्रर्र करतो. रात्री मध्येच बंद होते, दुसऱ्या संध्याकाळी परत खर्रर्र."

मध्येच म्हणजे कधी, ते विचारलं. तिने सांगितलेली वेळ म्हणजे बरोबर बाबा माशांना झोपवून लाईट बंद करतात तेव्हाची! "आमचा निळा दिवा!" असं ओरडत मी वर पळालो, लाईट लावून रिमोट दाबला: टीव्ही बहिरा. लाईट बंद करून दाबला: लगेच हुकूम पाळला.

"बाबा, लाईट खराब आहे. त्याचा अडॅप्टर फालतू आहे, बोर्डात विजेचा कचरा सोडतो. बेलला वाटतं कोणी बटण दाबलं."

"ईशान्येचा लाईट आहे तो," बाबा बोलले. "ईशान्येला काय धाड भरली?"

मग मी बोललो, तुमच्या वास्तूवाल्या काकांसमोरच बघू. काका शुक्रवारी आले, भजी खाल्ली, सोफ्यावर बसले. दिवेलागण झाली. मी तोंडात मावेल तेवढं पाणी भरलं आणि गाल फुगवून टाकीशेजारी उभा राहिलो. आतला काळा मासा माझ्याकडे बघत होता. दोघांचं तोंड सेम.

बाबांनी माझे गाल दाबून खात्री केली आणि बटण दाबलं.

चिव चिव चिव. "कृपया दरवाजा खोलिए."

हॉलमध्ये कोणी हललं नाही. बाबांचा चेहरा पडायला लागला होता, मी जिंकत होतो, आणि तेवढ्यात काकांनी डोळे मिटले.

"दिवेलागणीची वेळ. कोणी दिसत नाही. आणि दार उघडा म्हणतंय." बोट वर गेलं. "लक्ष्मी आली!"

माझ्या तोंडातलं सगळं पाणी भज्यांवर गेलं. "लक्ष्मी हिंदी कधीपासून बोलायला लागली?"

"मी इतकी वर्षं या वेळेला दार उघडं ठेवायचे," आई आतून बोलली, "तेव्हा फक्त डास आले."

पण बाबा हात जोडून दाराकडे निघालेसुद्धा. दार उघडलं. समोर आंटी, हातात खर्रर्र करणारा रेडिओ.

"तो निळा दिवा बंद करा पहिला! माझी प्रार्थना चालली आहे रेडिओवर, आणि फादर तळल्यासारखे ऐकू येतात!"

मी लाईट बंद केला. फादर स्वच्छ झाले. लावला. फादर कढईत, बेलवाली बाई परत लाडात. बंद, चालू, बंद, चालू. आंटी बघत होती, आई बघत होती. काकांनी एक डोळा उघडला. "ऊर्जा थोडी जास्त झाली आहे," ते बोलले आणि ओली भजी सोडून चपला शोधायला लागले.

चुकलो असं बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी गुपचूप चांगल्यातला लाईट आणून बसवला आणि आईला सांगितलं, "माशांना तो निळा आवडत नव्हता." मग माझ्याकडे न बघता, "जा तुझ्या भुईगावला. पण स्टेजवर माझी नक्कल करायची नाही."

झालं! माझी सगळी तयारी त्याचीच होती. टीव्हीची नाडी बघणारे बाबा, हात जोडून दार उघडणारे बाबा.

तरी मी शब्द पाळला. स्टेजवर गेलो, डोळे मिटले, हवेत बोट फिरवलं आणि माईकवर रोखलं. "हा माईक चुकीच्या दिशेला आहे. इथे एक मासा हवा." पब्लिक जे सुटलं ते सुटलंच. आंटी तर खुर्चीवर उभी राहिली.

दुसऱ्या रांगेत बाबा होते. सगळ्यांपेक्षा मोठ्याने तेच हसत होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाची मांडी थोपटून सांगत होते, "असे असतात हो हे लोक! आणि येडे लोक यांचं ऐकतात पण!"